दोरो गाडी वळवतो

एलिओदोरो बोहोर्केसइतका निरुपद्रवी माणूस मी पाहिलेला नाही. घरात विंचू निघाला तर तो पेल्याखाली झाकायचा, खालून पुठ्ठा सरकवायचा आणि कुंपणापलीकडे सोडून यायचा. आणि हाच माणूस बावीस वर्षं समजत होता, की आपण गाडीखाली माणसं चिरडतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

'समजत होता' म्हणणंही बरोबर नाही. तसं समजत असता तर पोलिसांत जाऊन बसला असता आणि मोकळा झाला असता. तसा तो तीनदा गेलाही. तिसऱ्या वेळी ठाण्यावरच्या शिपायानं त्याला कॉफी पाजली आणि "दोरो, कुणी मेलं तर आम्हीच तुला कळवू," असं सांगून घरी पाठवलं. त्याला यायची ती शंका. चाक धप्प करून आपटलं, की शंका. खड्डा होता की माणूस? मग गाडी वळवायची, मागे जाऊन बघायचं. रस्त्यावर काही नाही. पण वळवताना आपण आरशात नीट पाहिलं होतं का? तिथं कुणी उभं असलं तर? पुन्हा वळवायची. आमच्या टूसॉन शहराच्या दक्षिण भागातले रस्ते उन्हानं तडकलेले, मध्येच कोरड्या ओढ्यांचे उतार, मध्येच रेल्वेचे रूळ. धप्प न होता फर्लांगभर जाता येईल असा रस्ता आमच्याकडे नाहीच.

याला मराठीत मंत्रचळ म्हणतात. शब्द ऐकला की लोकांना शंभरदा हात धुणारी कुणाची तरी आत्या आठवते आणि हसू येतं. मी या दुखण्याच्या माणसांबरोबर तीस वर्षं परिचारिका म्हणून काढली आहेत. मला येत नाही.

दोरो पूर्वी एका बेकरीची गाडी चालवायचा. पहाटे निघायचं, नऊपर्यंत पाव पोचवून परत यायचं. शेवटच्या वर्षी तो संध्याकाळी पाचला परत यायला लागला. मालकानं बिचाऱ्यानं बराच काळ सोसलं. मग दोरो मेव्हण्याच्या शेडमध्ये गाड्यांच्या गाद्या शिवायला शिकला आणि त्यात त्यानं नाव काढलं. पोट जमिनीला टेकेल इतक्या खाली बसवलेल्या जुन्या गाड्या घेऊन पोरं लांबून लांबून त्याच्याकडे येतात. लाल मखमल, पांढरी किनार, टाक्याला टाका. चाकं काढून ठोकळ्यांवर चढवलेली गाडी त्याला मनापासून आवडायची. ती कुणाला मारत नाही.

पण त्याला खरं ओळखायचे ते क्रुसांमुळे. आमच्याकडे रस्त्यात अपघातानं माणूस गेलं, की घरचे त्या जागी क्रूस रोवतात. त्यावर नाव, तारीख, कागदी फुलं, कधी मेलेल्याची टोपी. दोरोच्या वाटेवर नवा क्रूस दिसला, की त्याचा दिवस संपला. तारीख उतरवून घ्यायची, घरी येऊन त्या दिवशी आपण कुठं होतो ते आठवत बसायचं. आठवलं नाही, की तो मेलेला माणूस आपल्या खात्यावर. असे अकरा क्रूस त्यानं अंगावर घेतले होते. दर रविवारी चर्चनंतर रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन हा पायी निघायचा, क्रूस रंगवायचा, फुलं बदलायची, गुडघे टेकून माफी मागायची. सगळा मोहल्ला म्हणायचा, काय पुण्यवान माणूस! परक्यांच्या मेलेल्यांची एवढी सेवा! पाद्रीबाबांनी तर प्रवचनात त्याचं उदाहरण दिलं. त्या दिवशी दोरो घरी येऊन ओकला.

हे मला त्याच्या बायकोनं सांगितलं. आमपारो शाळेच्या भटारखान्यात होती. अंगानं दांडगी, तोंडानं त्याहून दांडगी. "बाई," ती मला म्हणाली, "लोकांचे नवरे बाहेर बाया ठेवतात. माझ्यानं अकरा मेलेले ठेवलेत. आणि रविवारी त्यांच्याकडेच असतो."

बावीस वर्षं दोरो तिला विचारायचा, "म्हातारे, मी कुणाला मारलं का?" आणि ती सांगायची, "नाही रे म्हाताऱ्या, कुणी नाही मेलं." दिवसातून चाळीसदा. प्रेमानंच. पण या दुखण्यात अशी प्रेमाची उत्तरं म्हणजे खाज सुटल्यावर खाजवणं. तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि मग दुप्पट सुटतं.

मग साखरेच्या दुखण्यानं आमपारोची मूत्रपिंडं गेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार रक्त शुद्ध करायला यंत्रावर बसायचं. सकाळी सहाची खुर्ची. पंधरा मिनिटं उशीर झाला, की खुर्ची दुसऱ्याला. वर्षभर शेजारीण सोडायची. ती मुलाकडे राहायला गेली. रुग्णांना नेणारी गाडी आहे, पण ती आपल्या मर्जीनं येते. लागोपाठ दोन खेपा चुकल्या आणि आमपारोच्या छातीत पाणी भरलं. ती चार दिवस इस्पितळात होती.

त्यांची मुलगी निदिया फीनिक्सला असते. आईबापांना ती अमा आणि अपा म्हणते. ती आली आणि तिनं फर्मान काढलं, "अमाला मी नेते. माझ्याकडे एकीपुरतीच खोली आहे, अपा. तुम्ही दुकान सांभाळा, महिन्यातून एकदा या."

"येऊ कसा?" दोरो म्हणाला. दोन तासांचा हमरस्ता. त्याच्या हिशेबानं आठवडा.

"तेच म्हणते मी," निदिया म्हणाली. "इथून यंत्रापर्यंत अकरा किलोमीटर आहे, अपा. अकरा! तुम्ही तेवढं जरी नेऊ शकत असतात ना, तर मी आले नसते."

त्यानं एकदा नेऊन पाहिलं होतं. तीन तास दहा मिनिटं लागली. आमपारो वाटेत दोनदा झोपली.

निदिया म्हणाली, शाळा सुटल्या की जूनच्या पहिल्या शनिवारी ट्रक घेऊन येते. तोवर काय ते बघा. आणि अडतीस वर्षं एका पलंगावर झोपलेली ही दोन माणसं, काय ते बघायला मार्चमध्ये आमच्याकडे आली.

'आमच्याकडे' म्हणजे ज्यांच्यावर सगळे इलाज हरले अशा मंत्रचळाच्या रुग्णांना भास घडवणाऱ्या एका जातीच्या अळंबीतलं द्रव्य देऊन बघण्याचा अभ्यास चालला होता, तिथं. दोरोच्या पाच प्रकारच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या. आमच्यातल्याच वेस्लीनं, म्हणजे आमच्या मानसतज्ज्ञानं, पूर्वी त्याला रबरी नळ्यांवरून गाडी चालवायला लावून मागे न बघण्याचा सराव दोन वेळा करून घेतला होता. दोन्ही वेळा दोरो अर्ध्यात पळाला. हे औषध घरी न्यायचं नसतं. माणूस दिवसभर आमच्या खोलीत कोचावर पडतो, डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत, आणि दोन सोबती शेजारी बसून राहतात. वेस्ली एक, मी दुसरी. निवृत्तीनंतर मला हेच काम जमण्यासारखं वाटलं. बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. पहिलं मला येतं.

आधी तीन बैठका झाल्या. वेस्लीनं नियम घालून दिला: दोरोनं 'मी कुणाला मारलं का' विचारलं, की 'नाही' म्हणायचं नाही. 'हो' म्हणायचं नाही. म्हणायचं, 'कोण जाणे.' घरीही हेच.

"म्हणजे मी त्याला सांगू, असेल मेलं?" आमपारोनं विचारलं.

"चालेल," वेस्ली म्हणाला.

ती दोरोकडे वळली. "ऐकलंस? असेल मेलं. जेवायला काय करू?"

दोरो घाबरला, मग हसला, मग पुन्हा घाबरला. मला ही जोडी तिथंच आवडली.

एप्रिलच्या मध्यावर तो दिवस आला. दोरो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, जणू फोटो काढायचाय. गोळी हातात घेऊन म्हणाला, "बाई, ही घेतली आणि मी उठून गाडी चालवायला गेलो तर?"

"किल्ली आमपारोकडे आहे."

"ती विसरली तर?"

"कोण जाणे," मी म्हणाले. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या शर्टावर थुंकले आहे. मग गोळी गिळली.

लोकांना फक्त काय दिसलं तेवढंच ऐकायचं असतं. देव दिसला का? रंग दिसले का? दोरोला शिवणयंत्र दिसलं. रस्ता म्हणजे काळ्या रेक्झिनची लांबच लांब पट्टी आणि ती यंत्राच्या सुईखाली सरकते आहे, असं तो नंतर सांगायचा. तासभर त्याला मजा वाटली. मग पट्टीखाली गाठी लागायला लागल्या. धप्प. धप्प. त्यानं डोळ्यांवरची पट्टी ओढून काढली, उठून बसला, माझा हात धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"बाई, मी कुणाला मारलं का?"

आणि मी म्हणाले, "नाही हो दोरो. कुणालाच नाही. तुम्ही इथं सुरक्षित आहात."

यात सबब नाही, पण कारण आहे. याआधी दोन वर्षं मी हेच औषध घेणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांशेजारी बसले होते. ती माणसं मरणाला घाबरलेली. त्यांचा हात धरून 'मी आहे, सगळं ठीक आहे' म्हणणं हेच तिथं काम. दोरोचे डोळे पाहिले आणि जुनी जीभ हलली. ज्यानं तिथं माणूस तरायचा, त्यानंच इथं बुडतो. वेस्लीनं डोळे मिटून घेतले.

"नक्की?" दोरो म्हणाला.

"पडा आता."

"पण कशावरून? तुम्ही होतात का तिथं? आमपारोनं सांगितलं का? तिला कुणी सांगितलं?"

पुढचा दीड तास. औषध अगदी चढणीला आणि माणूस माझ्या एका 'नाही'ला लोंबकळत राहिलेला. ज्या दिवसासाठी त्यानं चार आठवडे गोळ्या सोडून हाल काढले, तो दिवस मी त्याच्या स्वयंपाकघरासारखा करून ठेवला होता. शंभर वेळा 'नक्की?' वेस्ली 'कोण जाणे' म्हणत होता. दोरो त्याच्याकडे बघतही नव्हता. नाही म्हणालेली मी होते, म्हणून मलाच धरून होता.

शेवटी मी वैतागले. त्याच्यावर नाही, माझ्यावर.

"दोरो," मी म्हणाले, "मला माहीत नाही. मी उगाच बोलले."

"म्हणजे?"

"म्हणजे खोटं बोलले. तुम्ही रडत होतात, मला बघवेना. मी तिथं नव्हते. मला काय माहीत!"

त्यानं माझा हात सोडला. मला वाटलं, आता हा उठून जाणार आणि आमपारो जूनमध्ये फीनिक्सला.

"आमपारोला?" त्यानं हळूच विचारलं.

"तिलाही नाही."

"पोलिसाला?"

"नाही."

"पाद्रीबाबांना?"

"त्यांना तर काहीच माहीत नाही."

तो हसायला लागला. आधी नाकातून, मग पोट धरून. हसता हसता रडायला लागला. "बावीस वर्षं," तो म्हणाला, "मला वाटायचं, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. गाडीत बसता, मागे न बघता जाता, म्हणजे तुम्हाला नक्की माहीत असणार. मलाच तेवढं कळत नाही. आणि तुम्ही सगळे... तुम्ही सगळे असेच चालवता?"

"असेच," वेस्ली म्हणाला.

"काही माहीत नसताना?"

"काही नसताना."

"अरे देवा," दोरो म्हणाला. "भयंकरच आहात." आणि त्यानं आपली आपण पट्टी डोळ्यांवर ओढली आणि पडला. संध्याकाळी आमपारो त्याला न्यायला आली तेव्हा त्यानं तिला विचारलं, खायला काय आहे. एवढंच विचारलं. ती दारातच थांबली आणि रुमाल शोधायला लागली.

माझी चूक मी नोंदीत लिहिली. अभ्यासाच्या प्रमुखबाईंनी मला चांगलं झापलं आणि बरोबर केलं. कुणी म्हणतं, चुकीमुळेच फळलं. मला तसलं गोड बोलणं आवडत नाही. दुसऱ्या एखाद्याचा दिवस तशा चुकीनं वाया गेला असता.

जादू झाली का, हाही नेहमीचा प्रश्न. नाही झाली. पहिले दहा दिवस दोरो पिसासारखा हलका होता. तिसऱ्या आठवड्यात शंका परत आली. पण तिचा आवाज बसला होता. पूर्वी ती कानात किंचाळायची, आता शेजारच्या घरातून ओरडल्यासारखी यायची. तेवढ्या फटीत वेस्लीनं काम सुरू केलं. रोज सकाळी गाडी काढायची, धप्प झालं तरी वळवायची नाही. पहिल्या दिवशी दोन चौक. मग चार. कधी तो वळवायचा आणि दिवसभर तोंड पाडून शिवत बसायचा.

आणि क्रूस बंद. हे त्याला गाडीपेक्षा जड गेलं. मे महिन्यात एर्लिंदा नावाची बाई दुकानात आली. तिच्या मुलाचा क्रूस रुळांजवळ आहे, अकरांतला एक.

"गेले दोन रविवार आला नाहीत," ती म्हणाली. "बरं नाही का?"

दोरोनं कात्री खाली ठेवली. "बाई, मी पुण्यवान नाही. तुमचा मुलगा माझ्याच गाडीखाली गेला की काय या भीतीनं मी रंगवत होतो."

"माझा मुलगा तर झाडावर आदळला. स्वतःच्याच मोटरसायकलवरून. दारू पिऊन."

"मला माहीत आहे. त्यावर लिहिलंयत ना तुम्ही, मोटरसायकल म्हणून."

एर्लिंदानं विचारलं, "मग?"

"तरी."

"भारीच त्रास आहे की तुम्हाला," ती म्हणाली. "मी आपली समजत होते, एकटी मीच वेडी झालेय." मग जाता जाता म्हणाली, "भीतीनं का असेना, कडा फार सरळ रंगवायचात. मला ते नाही जमत." दोरोनं तिला ब्रश दिला आणि कसा धरायचा ते दाखवलं. स्वतः गेला नाही.

जूनचा पहिला शनिवार आला. निदिया आदल्या संध्याकाळीच ट्रक घेऊन आली होती. अभ्यास संपला होता, म्हणजे मी आता कुणाच्या नियमात नव्हते. आमपारोनंच मला फोन करून बोलावलं. "बाई, म्हातारा मला नेणार आहे. तुम्ही निदियाजवळ बसा. तिला कुणीतरी धरून ठेवायला हवं."

साडेपाचला निघालो. उजाडलं होतं, ऊन अजून चढायचं होतं. पुढे दोरोची पिकअप, आत आमपारो. मागे ट्रकमध्ये निदिया आणि मी. ठरलं होतं ते असं, की सहाला खुर्ची मिळाली तर सामान घरातच राहील. नाही मिळाली तर दुपारी भरायचं.

पहिला ओढा आला. धप्प. मागचे लाल दिवे लागले, विझले. पुढे गेला. रूळ आले. दिवे लागले. बराच वेळ लागून राहिले.

"चला ना, अपा," निदिया स्टिअरिंगला म्हणाली.

गेला. मग गोदामांचा रस्ता आला आणि समोरून भरधाव गेलेल्या टेम्पोतून कचऱ्याची एक काळी पिशवी उडून त्याच्या पुढ्यात पडली. त्याला चुकवायला जागाच नव्हती. पुढचं चाक चढलं, मागचं चढलं. आमच्या काचेआडूनसुद्धा तो आवाज ऐकू आला. मऊ आणि जड. आवाज बनवून घ्यायचा म्हटलं असतं, तरी त्याच्यासाठी याहून वाईट बनवता आला नसता.

पिकअप कडेला थांबली. डावीकडचा दिवा लुकलुकायला लागला. वळण्याचा.

"संपलं," निदिया म्हणाली आणि दार उघडायला लागली. "मी सांगून येते. पिशवी होती, मी बघितली!"

मी तिचं मनगट धरलं. "बस खाली."

"अहो, पण मी बघितली! पिशवीच होती! एक शब्द सांगायचाय!"

"मीही बघितली. तो एक शब्द सांगितलास तर तो उद्या तुझ्याशिवाय गाडी काढणार नाही."

"खुर्ची जाईल!"

"जाईल."

ती माझ्यावर चिडून रडायला लागली. मी मनगट सोडलं नाही. घड्याळात पाच चव्वेचाळीस झाले. दिवा लुकलुकत होता. आत दोन डोकी दिसत होती. बोलत नव्हती, एकमेकांकडे बघत नव्हती. पाच शेहेचाळीस. पाच सत्तेचाळीस.

दिवा बंद झाला. पिकअप हलली. सरळ.

पाच चौपन्नला आमपारो आपल्या पायांनी आत गेली. दारात वळून तिनं निदियाला मूठ दाखवली, जिंकल्यावर पोरं दाखवतात तशी. दोरो गाडीला टेकून उभा होता. शर्ट पाठीला चिकटलेला.

निदिया धावत त्याच्याकडे गेली. "अपा, ती..."

त्यानं हात वर केला. "नको सांगूस."

"पण मला माहीत आहे! तुम्हाला जाणून नाही घ्यायचं?"

"फार घ्यायचंय गं," तो म्हणाला. "म्हणून तर नको." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "चार तास आहेत तुझ्या अमाला. भूक लागलीय. वाटीभर मेनुदोचा रस्सा आणि गरम पोळी, कोपऱ्यावरच्या खानावळीत. बस माझ्या गाडीत. बाई, तुम्हीपण."

शाळेत जायची तेव्हापासून निदिया त्याच्या गाडीत बसली नव्हती. तिनं ट्रकला कुलूप लावलं आणि पुढच्या सीटवर बसली, पट्टा घट्ट ओढून. त्या सीटची गादी तिच्या बापानंच शिवलेली होती. तिनं त्यावरून हात फिरवलेला मी मागून पाहिला.

ट्रक रविवारी रिकामा परत गेला. मंगळवारी दोरोनं एकदा गाडी वळवली, सहा अकराला पोचला, परिचारिकेनं बोलणी ऐकवली आणि खुर्ची दिली. गुरुवारी वळवली नाही. याला आता दोन वर्षं होतील. आमपारो घरीच आहे आणि दोरो गाडी हळू चालवतो म्हणून त्याला शिव्या देते.